बाजार केवढा, हे कशाने मोजताय त्यावर आहे

२०२४ च्या एप्रिलअखेर बाजाराची नियामक संस्था सेबीने बीएसईला, म्हणजे मुंबई शेअर बाजाराला, एक पत्र धाडलं. तुम्ही आम्हाला दरवर्षी जे नियामक शुल्क भरता ते ऑप्शनच्या प्रीमियमवर मोजून भरता, ते नोशनल उलाढालीवर मोजायला हवं, आणि मागच्या वर्षांचा फरकही व्याजासकट भरा, असा त्याचा मथितार्थ. (प्रीमियम आणि नोशनल म्हणजे काय ते पुढे येतंच.) व्याज धरून ही रक्कम दीडशे कोटींच्या वर जात होती. पुढच्या सोमवारी, २९ एप्रिलला, बीएसईचा शेअर दोन आकडी टक्क्यांनी आपटला. (जाता जाता: हा शेअर बीएसईवर नाही, एनएसई या दुसऱ्या शेअर बाजारावर नोंदलेला आहे. एक्स्चेंजला स्वतःचा शेअर स्वतःच्याच फळीवर लावता येत नाही.)

त्या दोन-तीन दिवसांत दलाल स्ट्रीटवरचा एकही जुना सौदा बदलला नव्हता. ज्याने जे घेतलं, जे विकलं, ते तसंच होतं. बदललं ते एवढंच की त्या सौद्यांची ‘उलाढाल’ किती धरायची. त्या एका शब्दाच्या दोन हिशेबांत किती अंतर असेल? काही टक्के नव्हे, शेकडो पट.

भारताचा बाजार केवढा मोठा आहे यावरचे मथळे आपण रोज वाचतो. जगातला सर्वांत मोठा डेरिव्हेटिव्ह बाजार. पाच ट्रिलियन डॉलरचा शेअर बाजार. गुंतवणूकदारांचे अमुक लाख कोटी स्वाहा. या प्रत्येक मथळ्यात वेगळीच गोष्ट मोजलेली असते आणि वाचणारा मात्र सगळीकडे ‘पैसा’ असंच वाचतो. घोटाळा तिथून सुरू होतो.

डेरिव्हेटिव्ह म्हणजे करार. त्याची किंमत दुसऱ्या कशावर तरी हलते: शेअर, निर्देशांक, डॉलरचा भाव, व्याजदर, सोनं. फ्युचर म्हणजे पुढच्या तारखेला आज ठरलेल्या भावाने घेण्या-देण्याचं बंधन. ऑप्शन म्हणजे तसं करण्याचा नुसता हक्क, आणि त्या हक्कासाठी आज रोख मोजायची किंमत म्हणजे प्रीमियम. हक्क देणाऱ्याला, म्हणजे ऑप्शन विकणाऱ्याला, प्रीमियम मिळतो आणि त्याच्या गळ्यात मात्र बंधन पडतं.

माझा भाचा लोअर परळला एका आयटी कंपनीत आहे. निफ्टीच्या एक्स्पायरीच्या, म्हणजे करार संपण्याच्या, दिवशी सकाळी त्याच्या मोबाईलवर ऑप्शनच्या भावांची यादी उघडी होती. निफ्टी २५,००० च्या आसपास, आणि साहेबांचा डोळा २५,२०० च्या कॉलवर, म्हणजे त्या भावाने घेण्याच्या हक्कावर.

“मामा, चार रुपयाला मिळतोय.”

“लॉट केवढा?”

“पंच्याहत्तर.”

“म्हणजे तीनशे रुपये.”

“हो. साडेतीनपर्यंत हिरो, नाहीतर झिरो.”

आता हा सौदा केवढ्याचा? भाच्याच्या खिशातून गेले ३०० रुपये. ही झाली प्रीमियमची उलाढाल. पण करार, म्हणजे एक लॉट, आहे तो निफ्टीच्या ७५ युनिटचा, २५,२०० च्या भावाने. गुणाकार केला की १८ लाख ९० हजार. ही नोशनल उलाढाल. तीनशे रुपये आणि जवळजवळ एकोणीस लाख, सौदा एकच. कॉटनग्रीनला दोन कोटींच्या फ्लॅटसाठी कुणी एक लाखाचं टोकन दिलं तर त्या दिवशी दोन कोटी हातोहात फिरले असं कोणी म्हणत नाही. नोशनलचा हिशेब साधारण तसं म्हणतो. (टोकन पुढे किमतीतून वळतं होतं, प्रीमियम होत नाही, एवढा फरक लक्षात ठेवा.)

हाच गुणाकार लाखो लोक दिवसातून अनेकदा करतात तेव्हा काय होतं बघा. २०२३-२४ मध्ये एनएसईवर शेअर आणि निर्देशांकांच्या ऑप्शनची रोजची सरासरी नोशनल उलाढाल तीनशे लाख कोटी रुपयांच्या पुढेमागे होती. भारताचं त्या अख्ख्या वर्षाचं सकल राष्ट्रीय उत्पन्नही तेवढंच, तीनशे लाख कोटींच्या आसपास. म्हणजे देश वर्षभर राबून जेवढं निर्माण करतो तेवढं बीकेसीतल्या एनएसईत दर संध्याकाळी ‘फिरून’ होत होतं! प्रीमियमने मोजलं तर तीच रोजची उलाढाल साठ हजार कोटींच्या घरात येते, आणि एनएसईच्या कॅश मार्केटमध्ये, जिथे खरे शेअर घेतले-विकले जातात, तिथली ऐंशी हजार कोटींच्या आसपास. नोशनल धरलं तर ऑप्शन कॅशच्या शेकडो पट दिसतात, प्रीमियम धरला तर कॅशपेक्षा थोडे कमीच. दोन्ही विधानं खरी. कुठलं छापायचं हे छापणाऱ्याच्या मनावर.

मग नोशनल हा आकडा फेकूनच द्यायचा का? मला तसं वाटत नाही. फ्युचरमध्ये तो अर्थपूर्ण आहे, कारण तिथे निफ्टी एक टक्का हलला की करारदाराचा नफा-तोटा पूर्ण रकमेच्या एक टक्काच होतो. ऑप्शनमध्येही विकणाऱ्याच्या बाजूने बघा. भाच्याचा जास्तीत जास्त तोटा ३०० रुपये. पण तो कॉल ज्याने विकला त्याला लाखाच्या वर मार्जिन, म्हणजे अनामत, अडकवून ठेवावं लागतं, कारण निफ्टी अचानक पाचशे अंक उसळला तर भरपाई त्याच्याकडून व्हायची आहे. प्रीमियम हे जोखमीचं आजचं मोल सांगतो, जोखमीची कमाल व्याप्ती सांगत नाही. त्यामुळे प्रीमियमवाले शहाणे आणि नोशनलवाले खुळे अशी विभागणी होत नाही. कॅश मार्केटशी तुलना करताना मात्र नोशनल वापरणं मला सरळसरळ दिशाभूल वाटतं, कारण एका बाजूला दिलेले पैसे आणि दुसऱ्या बाजूला न दिलेले.

सरकारी यंत्रणांतही यावर एकमत नाही, हे त्यातलं गमतीचं. सेबीने बीएसईकडून शुल्क मागितलं ते नोशनलवर. ऑप्शन विकताना कापला जाणारा एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, २००८ पासून प्रीमियमवर लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा दर ०.१ टक्का झाला. आणि आयकर विवरणात भाच्याने स्वतःची उलाढाल दाखवायची ती तिसऱ्याच रीतीने: प्रत्येक सौद्याचा नफा आणि प्रत्येक सौद्याचा तोटा, वजा चिन्ह काढून, सगळ्यांची बेरीज. एका ३०० रुपयांच्या कॉलला तीन खात्यांत तीन वेगवेगळ्या उलाढाली.

आता ‘जगात पहिला’ या मथळ्याकडे येऊ. तो खोटा नाही. फ्युचर्स इंडस्ट्री असोसिएशन ही अमेरिकेतली संघटना जगभरच्या एक्स्चेंजवर किती करार झाले याची मोजणी करते, आणि त्या यादीत २०१९ पासून एनएसई अव्वल आहे. पण तिथे मोजतात ती करारांची संख्या. करार लहान की मोठा, याच्याशी त्या रकान्याला देणंघेणं नाही.

अमेरिकेत एस अँड पी ५०० निर्देशांकाचा जो ई-मिनी फ्युचर आहे, त्याच्या एका कराराची किंमत म्हणजे निर्देशांक गुणिले ५० डॉलर. निर्देशांक ६,००० असताना ते तीन लाख डॉलर होतात, म्हणजे अडीच कोटी रुपये. नोव्हेंबर २०२४ पूर्वी निफ्टीचा लॉट २५ चा होता, करार साधारण सहा लाखांचा. तिकडचा एक करार आणि आपल्याकडचे चाळीसेक करार एकाच वजनाचे. अमेरिकेतल्या एखाद्या फंडाने एक सौदा केला तर यादीत १ जमा होतो. तेवढ्याच रकमेचा सौदा इथे झाला तर ४० जमा होतात. पहिला नंबर यायला नको काय?

कोरियाने हे आपल्या आधी भोगलंय. दोन हजारच्या दशकात कोस्पी २०० चा ऑप्शन जगातला सर्वाधिक सौदे होणारा करार होता. किरकोळ लोक त्यात फार हात पोळून घेतात म्हणून २०१२ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी कराराचा आकार पाचपट केला. सौद्यांची संख्या त्याच वर्षी निम्म्याहून खाली गेली आणि कोरिया यादीतून घसरला. त्यातला काही भाग खरोखर बाजार सोडून गेलेल्यांचा, पण बराचसा भाग नुसता भाजक वाढल्याचा.

आपल्याकडे सेबीने १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने निर्देशांकाच्या कराराची किमान किंमत १५ लाख केली, आणि प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवायला लावली. निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला, बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी गेली. पुढच्या काही महिन्यांत करारांची संख्या धाडकन उतरली. प्रीमियमची उलाढालही उतरली, पण त्या मानाने कमी. कुणी नुसता करारांचा आलेख दाखवून ‘भारताचा डेरिव्हेटिव्ह बाजार कोसळला’ म्हणालं, तर आधी लॉटचा आकार विचारा.

उलाढाल आणि संख्या, दोन्ही दिवसभरातली ये-जा मोजतात. संध्याकाळी किती जण खरोखर बाजारात अडकून आहेत, हे सांगतो ओपन इंटरेस्ट. बाजारातल्या भाषेत ओआय. ज्या करारांचा निपटारा अजून झालेला नाही ते. हा आकडा मला उलाढालीपेक्षा भरवशाचा वाटतो, पण त्याचीही एक आंधळी जागा आहे. सकाळी घेतलेला आणि साडेतीनला झिरो झालेला भाच्याचा कॉल उलाढालीत पूर्ण दिसतो, दिवसअखेरच्या ओआयमध्ये कधीच दिसत नाही. आपला बाजार एक्स्पायरीच्या दिवसाभोवती इतका गोळा झाला आहे की उलाढाल आभाळाएवढी आणि संध्याकाळचा ओआय त्यापुढे ओंजळभर, असं चित्र तयार होतं. सेबीचे तेव्हाचे पूर्णवेळ सदस्य अनंत नारायण यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं होतं की एक्स्पायरीच्या दिवशी निर्देशांक ऑप्शनची उलाढाल कॅश मार्केटच्या साडेतीनशे पट किंवा त्याहूनही अधिक असते. हा आकडा वाचताना आता तुम्हाला कळेल की तो कुठल्या मापाने आला असणार. तरी त्यातला मुद्दा खराच आहे: एका दिवसापुरतं आयुष्य असलेल्या करारांत एवढी धामधूम दुसरीकडे क्वचितच असते.

ओआय मोजण्याची जुनी पद्धत तर फारच ढोबळ होती. फ्युचरचा एक लॉट म्हणजे एक, आणि चार रुपयांच्या मरतुकड्या कॉलचा एक लॉटही एकच. त्यातून विचित्र प्रकार व्हायचे. एखाद्या शेअरमधला ओआय ठरलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर गेला की त्या शेअरला बॅन पीरियड लागतो, नवे सौदे बंद. मग स्वस्तातले, लांबच्या स्ट्राइकचे (म्हणजे करारातला भाव आजच्या भावापासून खूप दूर असलेले) ऑप्शन ढिगाने घेऊन थोड्या पैशांत शेअर बॅनमध्ये ढकलता यायचा. २९ मे २०२५ च्या परिपत्रकाने सेबीने माप बदललं. आता प्रत्येक ऑप्शन किती फ्युचरच्या बरोबरीचा आहे ते डेल्टाने काढतात. डेल्टा म्हणजे निफ्टी एक रुपया हलला तर ऑप्शन किती पैसे हलेल. भाच्याच्या कॉलचा डेल्टा समजा ०.०४. तो कॉल निफ्टीच्या प्रत्येक रुपयामागे चार पैसे हलतो. म्हणजे त्याच्या हातात निफ्टीचा ७५ युनिटचा फ्युचर नाही, तीन युनिटचा आहे. रक्कम सुमारे ७५ हजार.

३०० रुपये, ७५ हजार, १९ लाख. मला विचाराल तर जोखमीच्या दृष्टीने मधला आकडा सगळ्यांत प्रामाणिक. त्याची अडचण अशी की तो स्थिर नाही. निफ्टी दुपारी दीडशे अंक वर आला की डेल्टा चौथ्यावरून चाळिसाव्या पैशावर जातो, तीन युनिटांची तीस होतात, आणि नवा सौदा एकही न होता बाजाराचा ‘आकार’ दसपट होतो. याच मापाने सेबीने निर्देशांक ऑप्शनमध्ये एका संस्थेसाठी दिवसअखेरची निव्वळ मर्यादा १,५०० कोटी आणि एका बाजूची एकूण मर्यादा १०,००० कोटी ठेवली.

एक्स्चेंजबाहेरचा, म्हणजे बँकाबँकांत फोनवर आणि स्क्रीनवर परस्पर होणारा डेरिव्हेटिव्ह बाजार यापेक्षा कितीतरी मोठा. त्याची जागतिक मोजदाद स्वित्झर्लंडमधल्या बाझलची बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स करते. जून २०२४ अखेर जगभरातल्या अशा करारांचं नोशनल सुमारे ७३० ट्रिलियन डॉलर होतं. सगळ्या जगाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सहा-सात पट. हेच करार त्या दिवशी बाजारभावाने नव्याने उभे करायचे तर किती खर्च येईल, याचा आकडा सुमारे १७ ट्रिलियन. बहुतांश करार व्याजदराच्या अदलाबदलीचे (स्वॅप) असतात, आणि तिथे मुद्दल हे फक्त व्याज काढायला वापरतात, ते कधी हात बदलत नाही. म्हणूनच ही संस्था दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापते. शिवाय दोन मोठ्या बँकांनी आपसात केलेला करार दोघीही कळवतात, तो एकदाच धरायची दक्षता घेते. आपल्याकडची अशी नोंदवही दादरला आहे. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, २००१ साली स्थापन झालेली. रुपयाचे व्याजदर स्वॅप आणि परकी चलनाचे वायदे यांची माहिती तिथल्या भांडारात जमा होते. सेन्सेक्सच्या फलकापुढे फोटो काढायला गर्दी होते. दादरच्या या इमारतीसमोरून रोज जाणाऱ्यांनाही आत काय चालतं ठाऊक नसतं.

शेअर बाजाराचं माप सोपं वाटतं: कंपनीचे एकूण शेअर गुणिले शेवटचा भाव, सगळ्या कंपन्यांची बेरीज. मार्केट कॅप. बीएसईवरच्या कंपन्यांचं हे बाजारमूल्य नोव्हेंबर २०२३ मध्ये चार ट्रिलियन डॉलरच्या वर गेलं आणि पुढच्या मे महिन्यात पाच. यातली मेख ‘शेवटचा भाव’ या दोन शब्दांत आहे. शेवटच्या सौद्यात दहा शेअर गेले असोत की दहा लाख, त्या भावाने अख्खी कंपनी मोजली जाते.

याचं टोकाचं उदाहरण मुंबईचंच आहे. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स नावाची छोटी कंपनी. एकूण शेअर फक्त दोन लाख. भाव ३ रुपये ५३ पैसे, कारण त्या भावाला कोणी विकतच नव्हतं. धरून चाललेली मार्केट कॅप सात लाख रुपये. गिरगावात तेवढ्यात पार्किंगची जागाही येणार नाही. कंपनीच्या पोटात मात्र एशियन पेंट्सचे हजारो कोटींचे शेअर. अशा होल्डिंग कंपन्यांचा खरा भाव कळावा म्हणून विशेष लिलाव ठेवला गेला आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी दिवसअखेर भाव झाला २,३६,२५० रुपये. मार्केट कॅप सात लाखांवरून एका सत्रात ४,७२५ कोटी. त्या दिवशी बाजारात ४,७२५ कोटी आले का? छे! मोजकेच शेअर इकडचे तिकडे झाले.

आणि यात दुसरीही एक गोम आहे. एल्सिडचे ते हजारो कोटी म्हणजे एशियन पेंट्सचे शेअर, आणि एशियन पेंट्सची मार्केट कॅप देशाच्या बेरजेत आधीच धरलेली आहे. १९४२ साली गिरगावच्या गायवाडीत सुरू झालेल्या एका रंगाच्या धंद्याचा तोच तुकडा आता दोनदा मोजला जातो. टाटांपासून अनेक समूहांत एका कंपनीकडे दुसरीचे शेअर असतात. तेवढी देशाची एकूण बेरीज फुगलेली.

फुगवटा हातातल्या-न-हातातल्या शेअरांचाही असतो. एलआयसी मे २०२२ मध्ये बाजारात आली तेव्हा सरकारने विकला साडेतीन टक्के हिस्सा, मिळाले सुमारे २१ हजार कोटी. कंपनीचं मूल्य मात्र सहा लाख कोटी धरलं गेलं, कारण उरलेले साडेशहाण्णव टक्केही त्याच भावाने मोजले. सरकारकडच्या त्या शेअरांना बाजाराचं वारंही लागलेलं नाही. म्हणून फ्री फ्लोट ही पद्धत आली: प्रवर्तकांचे आणि सरकारचे अडकलेले शेअर बाजूला काढायचे, बाजारात फिरू शकतात तेवढेच धरायचे. सेन्सेक्स सप्टेंबर २००३ पासून असाच मोजला जातो, निफ्टी २००९ पासून. ‘देशाचा शेअर बाजार अमुक ट्रिलियनचा’ या मथळ्यात मात्र बहुधा पूर्ण मार्केट कॅप असते.

एक चूक तर इतकी सर्रास दिसते की सांगायलाच हवी. जागतिक क्रमवारीत एनएसई आणि बीएसई वेगवेगळ्या ओळींवर असतात, दोघांचे आकडे जवळजवळ सारखे. काही हुशार लोक त्यांची बेरीज करून भारताचा बाजार दुप्पट करतात. रिलायन्स दोन्हीकडे नोंदलेली आहे, पण रिलायन्स एकच आहे. उलाढालीची बेरीज चालते, कारण सौदा इथे किंवा तिथे होतो, मूल्याची नाही.

४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. बीएसईची मार्केट कॅप एका दिवसात सुमारे ३१ लाख कोटींनी घटली आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे ‘स्वाहा’ छापून आलं. त्या दिवशी एनएसईच्या कॅश मार्केटमध्ये विक्रमी उलाढाल झाली, तरी ती तीन लाख कोटींच्या आतच होती, आणि त्यातही सकाळी घेऊन दुपारी विकलेल्यांचा भाग मोठा. ३१ लाख कोटी कुणाच्या तिजोरीतून निघून कुणाच्या तिजोरीत गेले नव्हते. पुढच्या तीन-चार दिवसांत ते परतही आले, तेव्हा ‘गुंतवणूकदार मालामाल’ असं छापलं गेलं.

रोख्यांच्या बाजाराबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण तिथे मोजमाप सरळ आहे. बाजारात थकीत असलेल्या रोख्यांचं दर्शनी मूल्य, झालं. केंद्र सरकारचे रोखेच शंभर लाख कोटींच्या वर, आणि मार्च २०२५ अखेर कंपन्यांचे साधारण ५३ लाख कोटींचे. कंपन्यांचे रोखे जवळजवळ सगळे खासगीरीत्या विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी अशांना दिले जातात आणि बरेचसे मुदतीपर्यंत त्यांच्या कपाटातच राहतात. आकाराने मोठा, हालचालीला मंद. याउलट एका रात्रीसाठी पैसे उसने देण्याघेण्याचा बाजार. तिथे तेच शंभर कोटी महिन्यात वीस दिवस फिरवले तर उलाढाल दोन हजार कोटी लिहिली जाते. दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी बघितले की कुठला बाजार मोठा, याचं उत्तर उलटं मिळतं.

‘देशाचा’ बाजार म्हणताना देशाची हद्द कुठली धरायची, हाही वाद आहेच. निफ्टीवरचा फ्युचर अनेक वर्षं सिंगापूरला चालायचा. जुलै २०२३ पासून तो गिफ्ट निफ्टी या नावाने गांधीनगरजवळ आला, डॉलरमध्येच. रुपयाचं तर आणखी अवघड. २०१९ च्या एप्रिलमधल्या जागतिक पाहणीत लंडनमध्ये रोज होणारी रुपयाची उलाढाल भारतातल्या उलाढालीपेक्षा जास्त निघाली. तिथे रुपया प्रत्यक्ष दिला-घेतला जात नाही, भावातला फरक डॉलरमध्ये चुकता होतो. रिझर्व्ह बँकेला या बाजाराची काळजी आधीपासूनच होती. पाहणीचे आकडे येण्याआधीच तिने माजी डेप्युटी गव्हर्नर उषा थोरात यांच्या अध्यक्षतेखाली कार्यदल नेमलं होतं, ते याच परदेशी रुपया बाजारासाठी. आपल्याच चलनाचा निम्म्याहून मोठा बाजार आपल्या मोजणीत येत नसेल, तर दर कोण ठरवतं, हा त्यातला खरा प्रश्न. आणि उलट दिशेने: मे २०२४ पासून एक्स्चेंजवर चलनाचे डेरिव्हेटिव्ह घ्यायचे तर हाती खरी आयात-निर्यात किंवा तशी देणी-घेणी हवीत, हा नियम काटेकोर झाला आणि एनएसईवरची ती उलाढाल कोलमडली. निर्यातदारांची डॉलरची गरज त्याच आठवड्यात कमी झाली असेल, असं कोणी म्हणणार नाही.

उरला प्रश्न माणसांचा. ऑगस्ट २०२४ मध्ये देशातली डीमॅट खाती १७ कोटींच्या पुढे होती. त्याच महिन्यात एनएसईने पॅननुसार वेगवेगळे गुंतवणूकदार १० कोटी झाल्याचं जाहीर केलं. मधली तफावत एकाच माणसाच्या दोन-तीन खात्यांची. भाच्याचीच तीन आहेत, त्यातलं एक एका आयपीओसाठी उघडून विसरलेलं. आणि दहा कोटींतले सगळे ऑप्शनवाले नव्हेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफअँडओमध्ये, म्हणजे फ्युचर आणि ऑप्शनमध्ये, सौदे करणारे वैयक्तिक लोक एक कोटीच्या थोडे वर होते. त्यातल्या ९३ टक्क्यांना तोटा झाला आणि सगळ्यांचा मिळून निव्वळ तोटा १.८ लाख कोटींच्या पुढे गेला. सौद्यांच्या खर्चापोटी त्यांनी सुमारे ५० हजार कोटी मोजले, त्यातला निम्मा दलालांना, पाचवा हिस्सा एक्स्चेंजना. या रकमांमध्ये नोशनल काहीच नाही. त्या बँक खात्यांतून गेल्या. तीनशे लाख कोटींच्या रोजच्या उलाढालीशेजारी ठेवल्या तर त्या दिसतही नाहीत, आणि एक कोटी घरांत वाटल्या तर दर घरामागे दोन लाखांच्या आसपास जातात.